चौकावरची काच

१

फेझच्या जुन्या शहरात गल्ल्या पुरुषांच्या आणि गच्च्या बायकांच्या. हे कुठे लिहून ठेवलेलं नाही, पण मोडून बघा. बायका वर कपडे वाळत घालतात, मिरच्या पसरतात, न्हालेले केस उन्हात मोकळे सोडतात आणि कठड्यावरून शेजारणीशी भांडतात. त्यामुळे गवंडी असो की नळवाला, गच्चीवर पाऊल टाकण्याआधी त्याने जिन्यात भिंतीआड थांबून मोठ्याने हाक द्यायची, "रस्ता द्या! येतोय!" आणि कुणीतरी "या, रस्ता मोकळा आहे" असं म्हणेपर्यंत जागचं हलायचं नाही. वर चढताना, खाली उतरताना, परक्या घराच्या चौकात शिरताना, हाक तीच. हाक न देता वर गेलेल्या एका सुताराला बायकांनी ओल्या चादरींनी असं झोडपलं होतं की तो पुढे फक्त तळमजल्याची कामं घ्यायला लागला.

मुफद्दलच्या अंगात ही हाक आणि तिचं उत्तर इतकं मुरलं होतं की त्यासाठी डोकं वापरावं लागत नसे. तसं डोकं तो एरवीही उशिराच वापरायचा. हात आधी उठायचा. पण त्याच्यासारखा उजेडाचा कारागीर शहरात दुसरा नव्हता, त्यामुळे लोक त्याचा हात सोसून घेत.

त्या शहरातल्या घरांना गल्लीकडे खिडक्या नसतात. घरं एकमेकांना खेटून उभी, उजेड येणार तो फक्त मधल्या चौकात, आभाळातून. पण कुणी थंडीला कंटाळून, कुणी भावाशी भांडून चौकावर स्लॅब टाकतो आणि मग भरदुपारी दिवा लावून भाजी निवडतो. असे लोक मुफद्दलकडे यायचे. तो आधी अंधाऱ्या चौकात जाऊन नुसता बसायचा, भिंती हाताने चाचपायचा, मग वर जाऊन बोट ठेवायचा, "इथे." तिथला स्लॅब फोडायचा, भोवती वीतभर उंच कठडा, त्यावर लोखंडी चौकट, गज, आणि गजांवर उतार देऊन बसवलेली काच. खालच्या भिंतींना पांढरा चुना, म्हणजे आलेला उजेड कोपऱ्यांपर्यंत पोचतो. काम झालं की घरातली म्हातारी माणसं त्या उन्हाच्या चौकोनात जाऊन उभी राहत आणि वर बघत. त्या एका क्षणासाठी मुफद्दल हा धंदा करायचा, पण हे त्याने कुणाला सांगितलं नसतं.

२

त्याची बायको गेली तेव्हा शामा लहान होती. दुसरं लग्न त्याने केलं नाही. सगळा जीव त्या एका पोरीत. तिचं लग्न झालं ते तौफीकशी, जो चपला शिवायचा. मऊ पिवळ्या कातड्याच्या, टोकदार. मुलगा बोलका, हसरा, मुफद्दलला जरा जास्तच हसरा वाटायचा. घरात तो आणि त्याची आई, लाल्ला झुहूर. घर चांगलं, पण चौकावर स्लॅब. तौफीकच्या वडिलांनी टाकलेला.

शामाला दिवस गेले आणि ती रडकुंडीला आली. "बाबा, सगळ्या शहराला उजेड वाटता आणि तुमची मुलगी इथे विहिरीत. मला कळत नाही सकाळ झाली की संध्याकाळ. बाळ जन्मल्यावर त्याचा चेहरा मी दिव्याखाली बघू का?"

एवढं पुरे होतं. मुफद्दल दुसऱ्या दिवशी छन्नी-हातोडा घेऊन दारात हजर.

"व्याही, नको," लाल्ला झुहूर म्हणाल्या. बाई हाडाने बारीक, आवाजाने जड. "आमच्या यांनी स्लॅब टाकला तर काहीतरी कारण असेल."

"काय कारण?"

"मला नाही सांगितलं. एका दिवसात टाकला. सकाळी गवंडी आणले आणि ऊन डोक्यावर यायच्या आत चौक बंद केला."

"विहीणबाई, कारण माहीत नसेल तर ते कारण नव्हे. माझी पोर अंधारात बाळंत होणार नाही."

"अम्मी, होऊ दे ना उजेड," तौफीक हसत म्हणाला. "काका फुकट करतायत. मी चपलेचा जोड देईन त्यांना."

लाल्ला झुहूर दारातून बाजूला झाल्या. पण त्या दिवसापासून दुपारच्या बांगेआधी त्या चौकातून उठून आतल्या खोलीत जायच्या, हे मुफद्दलने पाहिलं आणि म्हातारीचा रुसवा म्हणून सोडून दिलं.

३

त्याच्याबरोबर कामाला बूश्ता होता. त्याच्याच वयाचा, डोंगराकडचा, तोंडाने फटकळ. दोघांनी मिळून स्लॅब फोडला. जाड काम होतं ते. कुणी भीतीपोटी ओतावं तसं काँक्रीट ओतलेलं, आत सळया नको तेवढ्या. हातोड्याच्या घावाने खांदे सुजले. शेवटचा तुकडा खाली पडला आणि धुळीतून उन्हाचा एक खांब चौकात उतरला.

"घ्या," बूश्ता म्हणाला. "म्हाताऱ्याने सगळ्या गल्लीचं सिमेंट इथेच घातलं होतं."

दुसऱ्या दिवशी भोकाच्या कडा खालून घासून गिलावा करायचा होता. धुळीमुळे सासू-सून हमामला न्हायला गेल्या होत्या, तौफीक दुकानात. मुफद्दलने गल्लीचं दार आतून लावून घेतलं, गच्चीच्या दाराला कडी घातली. शिडी लावून तो वर चढला, बूश्ता खाली शिडी धरून काहीतरी गुणगुणत होता. बांग होऊन गेली होती. गच्च्यांवर शुकशुकाट, बायका जेवायला खाली गेलेल्या.

मुफद्दल डोक्यावरच्या कडेला थापीने गिलावा दाबत होता आणि वरून हाक आली.

"रस्ता द्या! उतरतोय!"

पुरुषाचा आवाज, नीट, अदबीचा.

"ये, रस्ता मोकळा आहे," मुफद्दल म्हणाला. थापीसुद्धा थांबवली नाही.

भोकातला उजेड जरासा मंद झाला. बारीक खडी त्याच्या तोंडावर पडली म्हणून त्याने डोळे मिटले. आणि शिडी दबली. एक माणूस उभा असलेली शिडी दुसरा चढला की जशी दबते, तशी.

"उस्ताद, नाचू नका वर," बूश्ता खालून ओरडला. "शिडी वाकतेय!"

"मी कुठे हलतोय?"

शिडी पुन्हा सरळ झाली. मुफद्दलने डोळे उघडले. भोकात स्वच्छ निळं आभाळ.

"कोण होतं हो?" बूश्ताने विचारलं.

"कोण असणार? शेजारच्या गच्चीवर कुणी गवंडी असेल. तो आपल्या माणसाला म्हणाला, मी उगाच उत्तर दिलं."

"इतक्या जवळून?"

"आवाज येतो रे भोकातून. तू धर शिडी."

पण खाली उतरल्यावर मुफद्दल आधी गच्चीचं दार बघून आला. कडी होती. मग गल्लीचं दार. तेही लावलेलं. त्याला बरं वाटलं, आणि आपण दारं बघायला गेलोच का याचा रागही आला.

४

संध्याकाळी लाल्ला झुहूर हमामहून परतल्या. उंबरठ्यावरच थबकल्या. चौकाकडे बघून म्हणाल्या, "घरात कोण आलं होतं?"

"मी आणि बूश्ता."

"कुणी हाक दिली होती?"

म्हाताऱ्या बाईने आपल्याला चोरासारखं विचारावं हे मुफद्दलला खपलं नाही. "नाही," तो म्हणाला.

बूश्ताने त्याच्याकडे पाहिलं आणि हत्यारं गोळा करायला लागला.

पुढचं काम मुफद्दलने जीव ओतून केलं. कठडा बांधला, त्याला डांबर लावलं. चौकट ठोकली, जाडजूड गज बसवले, आणि त्यावर काच घातली तीही आत तारेची जाळी असलेली. चहूबाजूंनी फटींत लांबी भरून अंगठ्याने दाबली. शहरात गच्च्यांवरून चोर फिरतात, आणि त्याची मुलगी खाली झोपणार होती.

"या गजांतून मांजराचं पिल्लू उतरणार नाही," तो काचेवर उभा राहून म्हणाला. "आणि या काचेवर गाढव नाचलं तरी फुटायची नाही."

"ते दिसतंयच," बूश्ता म्हणाला.

मुफद्दलसुद्धा हसला.

खाली शामा उन्हाच्या चौकोनात बसली होती. मांडीवर मसुरीचं ताट, केस सोडलेले. तिने वर पाहिलं, हात हलवला आणि रडायला लागली. पोटावर हात ठेवून म्हणाली, "बघ रे, आजोबांनी ऊन आणलं." मुफद्दलने तोंड फिरवलं. बूश्तासमोर डोळे पुसणं त्याला जमण्यासारखं नव्हतं.

५

दर शुक्रवारी तो तिच्याकडे कुसकुस खायला जायचा. पहिल्या शुक्रवारी जरा लवकर पोचला. दारावर हात ठेवला आणि आतून आवाज आला. धप्प. थोडं थांबून पुन्हा धप्प. ओलं कातडं दगडावर ठेवून मोगरीने कुटल्यासारखा.

त्याने कडी वाजवली. आवाज थांबला. बऱ्याच वेळाने तौफीकने दार उघडलं. घामाने निथळत होता, छाती वरखाली होत होती.

"दुकानाचं काम घरी आणलंस का?"

"हो काका," तौफीक म्हणाला. त्याच्या बोटांची सालटं निघाली होती.

जेवताना शामाने डाव्या हाताने घास घेतला. घरात कुणी तसं जेवत नाही. मुफद्दलने तिची उजवी बाही मागे सारली. दंडावर पंजाएवढा काळानिळा डाग.

"भिंतीला लागलं, बाबा."

"भिंतीला बोटं असतात?"

तिने बाही खाली ओढली. लाल्ला झुहूर ताटाकडे बघत होत्या. चौकात ऊन छान पडलं होतं, फरशीवर गजांच्या सावल्या. पण घरातले तिघंही त्या उन्हापासून दूर, भिंतीला पाठ लावून बसले होते. एवढं सोन्यासारखं ऊन आणि लोक अंधाराला चिकटून बसलेत. मुफद्दलला ते विचित्र वाटलं आणि मग त्याहून जास्त अपमानाचं वाटलं.

पुढच्या शुक्रवारी लाल्ला झुहूरांचा हात गळ्यात बांधलेला होता. शामाचा ओठ फाटला होता. तौफीकचा एक डोळा बंद.

तौफीक पाणी आणायला गेला तेव्हा शामा त्याच्या कानाशी आली. "बाबा, काच काढा. परत स्लॅब घाला."

"काय?"

"पाया पडते. काढा ती."

"कुणी शिकवलं तुला हे? त्याने?"

तिने चौकाकडे पाहिलं. जिथे ऊन संपून अंधार सुरू होत होता तिथे, भिंतीपाशी. तिथे काही नव्हतं. पण ती तिथून नजर हलवेना.

तौफीक परत आला तसा मुफद्दलने त्याची गळपट्टी धरली. "त्या काचेला हात लावलास तर हात तोडीन. ऐकलंस? माझ्या पोरीला अंधारात डांबून मारायचंय तुला?"

"मी नाही मारत, काका."

"मग कोण मारतं?"

तौफीकने आईकडे पाहिलं, आईने त्याच्याकडे. आणि निर्दोष माणूस असा गप्प बसतो का? मुफद्दलला तरी तसं वाटत नव्हतं.

६

बूश्ताने गल्लीतून माहिती काढली. ती ऐकून मुफद्दलच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"दुपारची बांग व्हायच्या आधी दुकान टाकून पळत घरी येतो म्हणे. रोज. एक दिवस चुकत नाही. दार लावतो, आणि मग ते धपाधप सुरू होतं. अख्खी गल्ली ऐकते."

"आणि गल्लीला तोंड नाही?"

"दुसऱ्याच्या घरात कोण पडणार? पण उस्ताद, एक गोष्ट आहे." बूश्ताने डोकं खाजवलं. "ओरडतो तो. पुरुषाचं ओरडणं ऐकू येतं म्हणतात, बाईचं नाही."

"मारणाराही ओरडतो," मुफद्दल म्हणाला. त्याला स्वतःवरून माहीत होतं.

त्याने सगळं जुळवलं. हाताची सालटं, भरदुपारी घरी धावणं, आईचा मोडलेला हात. आईवरही हात टाकणारा नीच. शिडीची गोष्ट एकदा डोक्यात येऊन गेली, शिडी दबून सरळ झाली तशी. पण तिचा याच्याशी काय संबंध? शिड्या दबतात. माणसं मारतात. यात गूढ काय आहे?

दुसऱ्या दिवशी तो दुकानाशी जाऊन उभा राहिला. ऊन चढलं होतं. तौफीक फळ्या लावून घाईने निघाला तोच मुफद्दलने त्याचा दंड पकडला.

"काच गळतेय. वर चल, दाखवतो."

"आत्ता नको, काका. बांग झाल्यावर येतो. थोड्या वेळाने."

"आत्ता."

"काका, मला घरी जायचंय हो. खरंच. सोडा."

"घरीच नेतोय."

मुफद्दलने त्याला ओढत नेलं, मागे बूश्ता. गच्चीचा जिना गल्लीच्या दाराशीच होता, चौकात न जाता वर जाणारा. वर कुणी बाई नव्हती. बूश्ताने गच्चीच्या दाराला कडी घातली.

मुफद्दलने पहिला ठोसा तोंडावर दिला. तौफीक कठड्यावर पडला, नाकातून रक्त काचेवर ओघळलं. मुफद्दलने त्याला उठवला आणि पुन्हा मारला, पोटात, मग कानावर, मग पडल्यावर लाथेने बरगड्यांत. तौफीक उलटून एकदाही मारत नव्हता, हात नुसते तोंडापुढे धरत होता, आणि त्यानेच मुफद्दलचा राग वाढत होता. बाईवर हात टाकणारा माणूस पुरुषापुढे असाच गोगलगाय होतो.

"उस्ताद, बस! मरेल तो!" बूश्ताने मागून मिठी घातली. मुफद्दलने कोपर मारून त्याला झटकलं. कमरेला खोचलेली मोगरी काढली. जावयाचा उजवा हात मनगटात धरून कठड्यावर दाबला.

"या हाताने मारतोस ना?"

"काका, ऐका. मला खाली जाऊ द्या. मग मारा. जीव घ्या हवं तर."

मोगरी पडली. बोटांची हाडं फुटली ती ऐकू आली. तौफीक किंचाळला आणि किंचाळतानाच बोलत राहिला, "एकदा तिला मावशीकडे नेऊन ठेवलं. तिथेही आलं. मी तिथे नव्हतो, म्हणून तिचा ओठ. मी पुढे उभा राहिलो की माझ्यावर येतं. माझ्यावरच येतं, मग दमतं, मग जातं. बांगेच्या वेळी मला तिथे असावं लागतं. काका, ऊन बघा कुठे आलंय!"

"कोण येतं? कोण?"

"मला माहीत नाही!"

"खोटारड्या," मुफद्दल म्हणाला आणि त्याचा डावा हात कठड्यावर ओढला. मोगरी दुसऱ्यांदा पडली.

एका मिनारावरून बांग सुरू झाली. मग दुसऱ्या. मग सगळ्या शहरातून, एकमेकांवर चढत. तौफीकने ओरडणं थांबवलं. रक्ताने भरलेलं तोंड उघडं ठेवून तो नुसता काचेकडे बघायला लागला.

बांग संपली. गच्चीवर कुठेतरी चादर फडफडत होती.

आणि काचेखालून आवाज आला. धप्प.

७

तौफीक मुफद्दलच्या गुडघ्याखाली होता. ज्याने मारायचं तो इथे, वर, दोन्ही हात मोडून पडलेला. मुफद्दल हे स्वतःला समजावत राहिला. तौफीक इथे आहे. मग खाली काही होणं शक्य नाही.

धप्प.

त्याने वाकून काचेवरचं रक्त बाहीने पुसलं.

खाली उन्हाचा चौकोन होता. त्यात शामा गुडघ्यांवर पडली होती, पोटाभोवती दोन्ही हात आवळून. तिची वेणी सरळ ताणलेली होती, उन्हाच्या बाहेर, अंधाराकडे. वेणीचं टोक कुणीतरी धरलं होतं, पण धरणारा उजेडात नव्हता. मग त्या बाजूने एक हात उन्हात आला. कोपरापर्यंत. बाही नीट दुमडलेली, कामाला बसताना माणूस दुमडतो तशी, घडी घडी करून. त्या बाजूला दार नव्हतं, खोली नव्हती. नुसती भिंत होती, मुफद्दलने स्वतः चुना दिलेली.

हात वर गेला. शामाने मान वळवून वर काचेकडे पाहिलं. तिला बाप दिसला असावा. तिचे ओठ हलले.

मुफद्दलने मोगरी दोन्ही हातांनी उचलून काचेवर घातली. काच फुटली, पण पडली नाही. आतल्या जाळीने सगळे तुकडे जागच्या जागी धरून ठेवले आणि काच पांढरीफटक झाली. पुन्हा मारली. आणखी पांढरी झाली. गज हलेनात. आता काहीच दिसत नव्हतं, फक्त ऐकू येत होतं.

"माझं काम!" तो ओरडला. "अरे देवा, हे सगळं माझंच काम!" तो कशाबद्दल बोलतोय ते बूश्ताला कळलं नाही.

"मला खाली न्या," तौफीक म्हणत होता. तो कोपरांवर सरपटत जिन्याकडे निघाला होता. बोटं मागे लोंबत होती. "काका, मला उचला. मला नुसतं पुढे ठेवा."

पण मुफद्दल त्याला ओलांडून धावला होता. कडी काढून तो जिना कसा उतरला ते त्याला कळलं नाही. चौकाचं दार आतून बंद होतं. त्याने खांद्याने धडक दिली, आणि आतून अडसर निघाला.

दारात लाल्ला झुहूर होत्या. कपाळातून रक्त वाहत होतं. त्यांनी त्याच्याकडे पाहिलं, मग त्याच्या मागे रिकाम्या वाटेकडे, मग त्याच्या हातातल्या मोगरीकडे.

"तौफीक कुठाय?" त्या म्हणाल्या.

बाईंनी त्याच्या हातांवरचं रक्त पाहिलं आणि त्या दाराच्या चौकटीला धरून खाली बसल्या.

मुफद्दल आत गेला. फुटक्या काचेतून येणारा उजेड दुधासारखा झाला होता, कुठे पडतो आणि कुठे संपतो ते समजत नव्हतं. शामा चौकातल्या हौदाच्या भिंतीला टेकून होती. जिवंत होती. पोटावरचे हात तिने अजून सोडले नव्हते. "बाबा," ती म्हणाली, "तौफीकला बोलवा. लवकर बोलवा."

"मी आहे ना, पोरी. मी आलोय."

तो तिच्यासमोर उभा राहिला. पाय रोवले, दोन्ही हात पसरले. इतक्या वर्षांत हा हात कशावर आणि कुणावर उठला नव्हता? आज पहिल्यांदा तो योग्य जागी उठणार होता. भीती होती, पण तिच्याखाली एक जुना, ओळखीचा आनंदही होता. मार खायला आणि द्यायला तो तयार होता.

"ये!" तो भिंतीकडे बघून गरजला. "माझ्यावर ये! मी तिचा बाप आहे!"

फरशीवर ओल्या पावलांचा आवाज झाला. अनवाणी, सावकाश, सरळ त्याच्याकडे येणारा. चुन्याचा वास जवळ आला. मुफद्दलने डोळे मिटले नाहीत. त्याच्या तोंडासमोर, हाताच्या अंतरावर, कुणीतरी येऊन थांबलं. त्याचा श्वास मुफद्दलला उघड्या मानेवर जाणवला. त्याने मोगरी वर उचलली.

तेव्हा त्याच्या खांद्यावर बोटं टेकली. हलकेच, अदबीने. अरुंद गल्लीत वडीलधाऱ्याला जरा बाजूला व्हायला सांगताना टेकवतात, तशी. त्या बोटांनी त्याला एक पाऊल सरकवलं आणि काहीतरी त्याच्या अंगाला अंग लागू न देता, रस्ता देणाऱ्याचा मान राखून, बाजूने पुढे गेलं.

मुफद्दल वळायच्या आत त्याच्या मागे पहिला आवाज झाला.